मोबाइल नंबर कुठे कुठे फिरतो: किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना आणि आंबेवाल्यांना

देवबागच्या रस्त्याला किंवा वेळणेश्वरच्या उताराला लागलं की थोड्या थोड्या अंतरावर पाटी दिसते: 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय', आणि खाली दहा आकडी नंबर. तोच नंबर हापूसच्या पेटीवरच्या लेबलावर असतो. तोच बँकेत, आधारला, गॅसच्या नोंदणीत, मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर आणि फेसबुकच्या पानावर. ऑनलाइन कंपन्या माणसाची माहिती कशी जमवतात हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात या पाटीपासून करावी. 'कुकी' आणि 'अल्गोरिदम' नंतर बघता येतील.

सावंत हे आडनाव इंग्रजीत कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू. पत्ता म्हणजे मुक्काम, पोस्ट, वाडी, तालुका. त्यात घर क्रमांक असतोच असं नाही. एका यादीतला सावंत आणि दुसऱ्या यादीतला सावंत एकच का, हे संगणकाला अशा माहितीवरून ठामपणे कळत नाही. मोबाइल नंबर मात्र दहा-बारा वर्षं तोच राहतो, त्यात चूक होत नाही आणि तो एकाच माणसाकडे असतो. इकडची तिकडची माहिती एका माणसाच्या नावावर बांधायला कंपन्यांना लागणारी सुतळी तीच. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा नंबराला दिली आहे.

माहिती गोळा होते ती अशी

आपण स्वतः टाइप करतो ती माहिती सगळ्यांना ठाऊक असते: नाव, जन्मतारीख, फोटो. तिचं प्रमाण थोडं. फोन न बोलता जे देत राहतो ते बरंच जास्त: फोनचं मॉडेल, भाषा, कोणत्या टॉवरवर किंवा वाय-फायवर आहे, कोणतं ॲप किती वाजता उघडलं, कोणत्या व्हिडिओवर बोट थांबलं. तिसरा भाग आपल्याबद्दल दुसऱ्यांनी दिलेला. शेजाऱ्याने एखाद्या ॲपला आपली फोनबुक दिली की त्यात आपलं नाव-नंबर आलंच, आपण ते ॲप कधी बघितलंही नसलं तरी. चौथा भाग या सगळ्यावरून बांधलेला अंदाज. मार्चपासून मे अखेरपर्यंत रोज पुण्या-मुंबईचे अनोळखी नंबर येतात, कुरिअरची साइट उघडली जाते आणि पैसे यूपीआयने जमा होतात, म्हणजे हा माणूस आंबा विकतो. हे कुणी लिहून द्यावं लागत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: फोन आपलं बोलणं ऐकतो का? खळ्यात बसून फुलकिड्यांच्या औषधाबद्दल बोललो आणि तासाभरात त्याचीच जाहिरात आली, हे कसं? माइकची परवानगी दिलेलं ॲप ऐकू शकतं, त्यामुळे ती परवानगी तपासावीच. पण अशी जाहिरात यायला ऐकण्याची गरज नसते. त्याच बैठकीतल्या चौघांपैकी एकाने त्याच दुपारी 'आंबा मोहोर फुलकिडे उपाय' असं शोधलेलं असतं आणि चौघांचे फोन घरच्या एकाच वाय-फायवर असतात. एका वाय-फायवरचे सगळे फोन बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्याने, म्हणजे नेटवरच्या एकाच पत्त्याने, दिसतात. होमस्टेमध्ये तर हे उघड दिसतं. पाहुण्यांनी रात्री गोव्याची विमानं शोधली की दुसऱ्या दिवशी यजमानांच्या फोनवर विमानाच्या जाहिराती येऊ शकतात. यजमान कधी विमानात बसलेले नसले तरी.

हर्णै बंदरावरच्या लिलावासारखंच

'कंपन्या आपला डेटा विकतात' हे वाक्य अर्धंच खरं. गूगल-फेसबुकसारखे मोठे प्लॅटफॉर्म नाव-नंबरांची यादी सहसा हातात देत नाहीत, कारण यादी दिली तर गिऱ्हाईक परत येणार नाही. ते विकतात ती आपल्यासमोरची जागा.

हर्णै बंदरावर होड्या लागतात, टोपल्या किनाऱ्यावर उतरतात आणि भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं जमून बोली सुरू होते. बातम्यांचं पान किंवा मोफत खेळ उघडल्यावर हेच घडतं, फक्त डोळ्याची पापणी लवायच्या आत. पान उघडताच जाहिरातीच्या बाजाराकडे निरोप जातो: अमुक मॉडेलचा फोन, भाषा मराठी, साधारण दापोलीच्या बाजूला, जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक अमुक, पान क्रिकेटचं. अनेक व्यापारी आकडा लावतात, जास्त बोलीवाल्याची जाहिरात दिसते. इथली गोम अशी की बोली हरलेल्यांनीही टोपलीत काय होतं ते पाहिलेलं असतं. माल एकाने नेला तरी बातमी सगळ्यांना मिळाली. त्यातला एखादा व्यापारी अशी बातमी दिवसभर लिहून ठेवत गेला तर माणसाचं रोजचं येणंजाणं त्याच्या वहीत उतरतं.

नंबर कामाला येतो तो दुसऱ्या एका रीतीत. एखाद्या दुकानाकडे गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी असते. ती प्लॅटफॉर्मवर चढवताना प्रत्येक नंबराचं गणिती पद्धतीने अगम्य अक्षरांत रूपांतर होतं. त्या अक्षरांत नंबर थेट वाचता येत नाही, पण तोच नंबर दिला की दर वेळी तीच अक्षरं येतात. प्लॅटफॉर्म आपल्याकडच्या नंबरांचंही तसंच रूपांतर करतो आणि जुळतील तेवढ्यांना जाहिरात दाखवतो. रत्नागिरीतल्या दुकानात बिलासाठी नंबर दिला आणि संध्याकाळी त्याच दुकानाची जाहिरात फेसबुकवर आली, तर कारण हे असू शकतं.

पायरी पहिली: नंबर वेगळे करा

यासाठी एक दुपार नव्हे, दोन-तीन आठवडे लागतील. बाकीच्या पायऱ्या एका संध्याकाळीही उरकतात.

बहुतेक जण इथेच चुकतात: धंद्यासाठी नवं सिम घेतात आणि जुना नंबर बँकेला ठेवतात. उलट करा. जुना नंबर दहा वर्षं पाटीवर, पेटीवर आणि शेकडो पाहुण्यांच्या फोनमध्ये आहे. तो आता खाजगी होणे नाही. तो धंद्याला ठेवा. नवं सिम बँक, आधार आणि यूपीआय यांच्यासाठी घ्या आणि तो नंबर घरच्यांपलीकडे कुणाला देऊ नका. फॉर्मवर नाही, बिलाला नाही, सोडतीच्या कुपनावर तर नाहीच.

बदलाचा क्रम महत्त्वाचा. आधी आधार केंद्रावर जाऊन आधारचा नंबर बदला. तो बदलल्याचा मेसेज आल्यावर बँकेच्या शाखेत फॉर्म भरा. एकाहून जास्त बँकांत खाती असतील तर प्रत्येक ठिकाणी. बँकेचे मेसेज नव्या सिमवर यायला लागले की यूपीआय ॲप नव्या नंबरावर पुन्हा नोंदवा. त्यासाठी ते सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, कारण ॲप त्या सिमवरून एक मेसेज पाठवून खात्री करतं. त्या सिमवर मेसेजपुरता बॅलन्स किंवा पॅक नसेल तर नोंदणी अडकते आणि लोक दोष बँकेला देतात. सगळं पार पडेपर्यंत जुन्या नंबराची नोंद कुठूनही काढू नका.

नव्या सिमवर रिचार्ज चालू ठेवायला हवा. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे तो दुसऱ्याला देते. त्या दुसऱ्या माणसाला तुमच्या बँकेचे मेसेज मिळू लागले तर त्यात त्याची काही चूक नाही.

दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर किंवा ॲपवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही पाहून घ्या. एका माणसाच्या नावावर साधारणपणे ९ पर्यंत सिम चालतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'माझा नंबर नाही' असं कळवता येतं. जत्रेतल्या छत्रीखाली 'फ्री सिम' घेताना दोनदा अंगठा दिलेल्यांनी हे आधी करावं.

यूपीआयबद्दल एवढंच: बऱ्याच ॲपमध्ये यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबर आणि पुढे बँकेची खूण असते. सेटिंगमध्ये जाऊन नंबर नसलेला आयडी करून घ्या आणि पेट्यांच्या व्यवहाराला तोच द्या. एक ठरलेली फसवणूक दर हंगामात फिरते. फोन येतो, समोरचा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, वीस पेट्या हव्यात म्हणतो, भाव करत नाही आणि 'पैसे घ्यायला' क्यूआर पाठवतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्या माणसाला तुमचं नाव, गाव, माल, भाव सगळं ठाऊक असतं म्हणून विश्वास बसतो. ते सगळं त्याने तुमच्याच पाटीवरून आणि फेसबुकच्या पानावरून उचललेलं असतं.

पायरी दुसरी: परवानग्या

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर. सॅमसंग, शाओमी, विवो यांची नावं थोडी वेगळी असतात. सेटिंग्जमध्ये वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथे 'परमिशन' टाइप केलं की सापडतं. इथे यादी ॲपनुसार येत नाही, परवानगीनुसार येते: लोकेशन कुणाकुणाला, कॉन्टॅक्ट कुणाकुणाला. अँड्रॉइड १२ पासून प्रायव्हसी डॅशबोर्डही आहे. मागच्या २४ तासांत कोणत्या ॲपने लोकेशन, कॅमेरा, माइक किती वाजता वापरला ते त्यात दिसतं. आधी ते उघडा. टॉर्चच्या ॲपने पहाटे तीनला लोकेशन घेतलेलं दिसलं की पुढचं काम करायला हुरूप येतो.

लोकेशन. 'नेहमी' ही परवानगी जवळजवळ कुणालाच लागत नाही. नकाशाला 'ॲप वापरताना' पुरतं. हवामानाच्या ॲपला नेमकी जागा लागत नाही. 'प्रिसाइज लोकेशन' बंद केलं की साधारण परिसर कळतो आणि मालवणात पाऊस आहे का ते सांगायला तेवढं भरपूर. होडीवर जाणाऱ्यांनी मात्र लोकेशन बंद करू नये. जीपीएस उपग्रहाकडून फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, म्हणून तो रेंज नसतानाही चालतो. लोकेशन पुढे पाठवतं ते ॲप, नेट मिळाल्यावर. बंदरात परत येऊन रेंज आली की समुद्रातली साठवलेली जागा वर चढू शकते. ज्यांना आपली मासळीची जागा दुसऱ्याला कळू द्यायची नाही त्यांनी समुद्रावर नकाशाखेरीज बाकी ॲपांची ही परवानगी काढून ठेवावी.

कॉन्टॅक्ट. ही सगळ्यात महाग परवानगी, कारण यात दिलं जातं ते दुसऱ्याचं. 'काकी बोरिवली', 'टेम्पो चिपळूण', 'डॉक्टर सावंतवाडी' अशी सहाशे माणसं एका 'अलाऊ'वर निघून जातात. अनोळखी नंबरावर 'आंबेवाला देवगड' असं नाव आपोआप झळकतं ना? ते असंच बनतं, कुणीतरी तो नंबर त्या नावाने सेव्ह करून फोनबुक ॲपला दिलेली असते. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण बाहेर आलं (फेसबुकवरच्या एका ॲपने जमवलेली माहिती या निवडणूक सल्लागार कंपनीकडे गेली होती) तेव्हा फेसबुकनेच दिलेला हिशोब असा होता: भारतात ते ॲप घेतलं फक्त ३३५ जणांनी, पण मित्रयादीमुळे माहिती जाऊ शकली अशांचा आकडा ५,६२,१२०. मित्रयादीची ती वाट फेसबुकने त्याआधीच, २०१४-१५ मध्ये, बंद केली होती. फोनबुकची वाट अजून उघडी आहे. व्हॉट्सॲपसारख्या दोन-तीन ॲपांना ती ठेवा, बाकीच्यांची काढा.

कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या निर्देशांनुसार अशा ॲपांना फोनबुक, कॉल लॉग, फोटो-फायली यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन एकदाच, केवायसीपुरतं आणि संमती घेऊन. तरीही मागणारं ॲप नियमाबाहेरचं आहे आणि वसुलीला ते याच फोनबुकमधल्या नातेवाइकांना फोन लावणार.

एसएमएस वाचण्याची परवानगी म्हणजे ओटीपी वाचण्याची परवानगी. ॲक्सेसिबिलिटी तर त्याहून वरची. ती दिलेलं ॲप स्क्रीनवरचं वाचतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबतं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलन किंवा बँकेची केवायसी अशा नावाने शेवटी 'एपीके' असलेली फाइल येते, तिला बहुधा हेच हवं असतं. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, ती कधी 'इन्स्टॉल' करावी लागत नाही.

आयफोनवाल्यांचं काम थोडं कमी. आयओएस १४.५ पासून दुसऱ्या ॲपांतला आपला माग काढायचा असेल तर ॲपला विचारावं लागतं. 'आस्क ॲप नॉट टू ट्रॅक' म्हणायचं.

पायरी तिसरी: गूगल खातं

आधी एक अवघड प्रश्न: तुमचं जीमेल कुणी काढलं? बऱ्याच घरांत मोबाइल दुकानातल्या पोराने फोन विकताना पाच मिनिटांत काढून दिलेलं असतं, पासवर्ड म्हणजे नाव आणि शेवटी १२३, आणि रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायचा नंबर, त्याचाच. ज्याचा रिकव्हरी नंबर त्याचं खातं. सेटिंग्जमध्ये गूगल, 'मॅनेज युअर गूगल अकाउंट', तिथे सिक्युरिटी. रिकव्हरी फोन आपला करा, पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि 'युअर डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी फोन दिसला तर साइन आउट. मुलाला दिलेला जुना फोन तिथे दिसेल. घाबरू नका, पण त्यालाही तुमचे सगळे फोटो दिसत असतात हे लक्षात घ्या.

मग डेटा अँड प्रायव्हसी. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'मध्ये शोध आणि ॲपचा वापर साठतो. 'ऑटो-डिलीट' निवडून ३, १८ किंवा ३६ महिन्यांची मुदत देता येते. ३ महिने ठेवा. युट्यूबच्या हिस्टरीलाही तसंच करा, नाहीतर नातवाने एक दुपार कार्टून पाहिलं की आजोबांना कित्येक महिने तेच दिसत राहतं. फिरण्याचा इतिहास 'टाइमलाइन'मध्ये वेगळा असतो. तो बंद केला म्हणजे गूगलकडे जागा साठतच नाही असं नाही. वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीतही जागेची नोंद होते. हीच गोष्ट लोकांना नीट सांगितली नाही या आरोपावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. म्हणून दोन्ही ठिकाणी बघा.

शेवटी जाहिरातीचा ओळख क्रमांक. सेटिंग्जच्या शोधात 'ॲड्स' टाका, 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. जाहिराती कमी होणार नाहीत, पण हर्णैच्या लिलावातल्या वहीतून निदान ही एक खूण पुसली जाते. ब्राउझरमधल्या इन्कॉग्निटोचा गैरसमजही जाता जाता: त्याने फक्त त्या फोनवर इतिहास राहत नाही. साइटला आणि नेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही आलात हे कळतंच.

पायरी चौथी: व्हॉट्सॲप आणि फेसबुक

व्हॉट्सॲपवर लिहिलेलं मधल्या कुणाला वाचता येत नाही, हे २०१६ पासून खरं आहे. पण कुणाशी, किती वाजता, कोणत्या फोनवरून, कोणत्या ग्रुपमध्ये ही पाकिटावरची माहिती कंपनीला दिसते. ती मेटाच्या (व्हॉट्सॲप आणि फेसबुकची मालक कंपनी) इतर सेवांशी वाटून घेण्याच्या २०२१ च्या धोरणावरूनच भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड लावला.

सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन: सहा आकडी पिन घाला. प्रायव्हसीत प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन 'माय कॉन्टॅक्ट्स'. ग्रुप्सही 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, नाहीतर 'हापूस होलसेल खरेदी-विक्री' अशा ग्रुपमध्ये कुणीही ओढतो आणि हजारभर अनोळखी लोकांना नंबर मिळतो. चॅट बॅकअपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) मुद्दाम चालू करावं लागतं. तिथला पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला. कंपनीही उघडून देत नाही. फेसबुकमध्ये अकाउंट्स सेंटर उघडून 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' बघा. फेसबुकबाहेर कोणत्या साइटींनी आणि ॲपांनी तुमची बातमी फेसबुकला दिली त्याची यादी तिथे आहे. ती वाचून मग 'क्लिअर' करा. आधी क्लिअर केली तर बघायची मजा गेली.

फोटोच्या आत जागेची नोंद असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती सहसा निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. होमस्टेचा फोटो जागेसकट गेला तर फायदाच. चाकरमान्यांनी मात्र गावच्या गणपतीचे फोटो पहिल्या दिवसापासून सगळ्या जगाला दाखवताना विचार करावा. डोंबिवलीचा फ्लॅट बंद आहे हेही त्यातूनच कळतं. विसर्जन करून परत गेल्यावर टाकले तरी मोदक तेच दिसतात.

पायरी पाचवी: पाहुण्यांची आधार कार्डं

आतापर्यंत आपण माहिती देणारे होतो. होमस्टे चालवणारा माहिती घेणाराही असतो आणि इथे निष्काळजीपणा फार. पाहुणा व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवतो, तो गॅलरीत उतरतो, गॅलरीतून गूगल फोटोजवर चढतो, तिथून त्याच खात्यावरच्या मुलाच्या फोनवर. दोन हंगामांत तीन-चारशे कुटुंबांची आधार कार्डं पुरणपोळीच्या आणि वासराच्या फोटोंमध्ये पसरलेली असतात. फोन दुरुस्तीला गेला की तीही गेली.

असं करा. बुकिंगच्या वेळी पाहुण्याला 'मास्क्ड आधार पाठवा' असं सांगा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते फुकट मिळतं. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. मूळ कार्ड आल्यावर डोळ्यांनी बघा आणि रजिस्टरमध्ये नाव, गाव, नंबर, ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे लिहा. झेरॉक्स लागतेच का, ते आपल्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या. परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद मात्र तो आल्यापासून २४ तासांत करायची असते.

व्हॉट्सॲपमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद ठेवली की आलेले फोटो गॅलरीत उतरत नाहीत. पाहुणे गेल्यावर चॅटमधला फोटो डिलीट करा. गूगल फोटोजवर चढलेला फोटो डिलीट केला तरी ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, म्हणून ट्रॅशही रिकामा करा. आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते म्हणून सुरक्षित, असं समजू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. ते ज्याला ठाऊक त्याला फाइल उघडीच. आपल्या स्वतःच्या आधारची झेरॉक्स कुठे द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी आणि कोणत्या तारखेला. सेतू केंद्रावर फॉर्म भरल्यावर त्या संगणकाच्या डाउनलोडमधली आपली फाइल समोर उभं राहून डिलीट करायला सांगा. माणसाला राग येत नाही, त्यालाही जागा मोकळी हवीच असते.

यामागे आता कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती त्यात येत नाही, पण पैसे घेऊन खोली दिली की ते घरगुती राहत नाही. कमाल दंड २५० कोटींपर्यंत आहे. तो आकडा मोठ्या कंपन्या नजरेसमोर ठेवून असला तरी 'कशासाठी घेतलं ते सांगा, काम झालं की पुसा' ही रीत दोन खोल्यांच्या होमस्टेलाही लागू. याच कायद्याने माहिती मागणाऱ्या ॲपने आपली सूचना मराठीत वाचायची सोय द्यायची आहे, कारण त्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषा धरल्या आहेत.

रेंज गेली तर

पावसाळ्यात टॉवर बंद पडणं हे नित्याचं, म्हणून दिवसभर रेंज नसली तरी कुणाला काही वाटत नाही. पण कुणीतरी आपल्या नंबराचं दुसरं सिम काढून घेतलं तरी फोनवर दिसतं ते हेच: रेंज गेली. फरक ओळखायला शेजारी त्याच कंपनीचं सिम असलेला फोन बघा. त्याला रेंज आहे, आपल्याला नाही, आणि फोन बंद-चालू करूनही येत नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच सिम कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन, पहिल्या तासातच. पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवता येते.

अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय न वापरणाऱ्यांनी आधारचं बायोमेट्रिक (अंगठा-डोळ्यांची नोंद) लॉक करून ठेवावं. युआयडीएआयच्या ॲपमध्ये होतं. रेशन दुकानात मग अंगठा जुळणार नाही. दुकानदाराशी वाद घालण्याआधी ॲपमधून लॉक तात्पुरतं उघडा. आपलं आधार कुठे वापरलं गेलं त्याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहासही तिथेच दिसतो.

परवानग्या आणि खाती वर्षातून एकदा तपासावीत. पेट्या संपून पहिला पाऊस पडल्यावरचा जूनचा आठवडा त्याला बरा, नवी ॲप हंगामातच जमा झालेली असतात. कोणता नंबर कुठे दिला, कोणत्या बँकेत बदलला, हे साध्या वहीत लिहा. पिन आणि पासवर्ड त्यात नकोत. आणि ती वही कपाटात ठेवा. पिनची चिठ्ठी फोनच्या कव्हरात ठेवणारे अजून बरेच आहेत.